पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) मागची सात पानं: पहिला लॉट पाठवण्याआधी काय बघायचं?

टर्निंग_भोसरी
दोन सीएनसी (संगणकचालित) मशिनचं युनिट आहे, उद्यम नोंदणी ‘सूक्ष्म’मध्ये. चाकणच्या एका कंपनीची ईएन8 (पोलादाचा एक ग्रेड) शाफ्टसाठी वर्षाची ओपन पीओ आली आहे: 60,000 नग, नगाला 182 रुपये, बार (कच्ची पोलादी सळई) आमचा. आमच्या कोटेशनमध्ये पेमेंट 30 दिवस, भाव तीन महिन्यांपुरता आणि डिलिव्हरी एक्स-वर्क्स (माल आमच्या दारातून त्यांनी न्यायचा) होती. पीओत पेमेंट 60 दिवस, भाव वर्षभर कायम, डिलिव्हरी त्यांच्या गेटवर. मागे सात पानं बारीक अक्षरात अटी आहेत, त्यात उशिराला आठवड्याला 1 टक्का दंड. वेगळा करारनामा नाही, सहीही मागितलेली नाही. तरी या अटी लागतात का? फिक्स्चरचे (मशीनवर नग धरणाऱ्या जोडणीचे) 3,60,000 रुपये ‘भावात धरलेत’ एवढंच तोंडी ठरलंय.

चलनबुक
सही नसली तरी माल पाठवलात की लागतात. तुमचं कोटेशन हा प्रस्ताव. करार कायदा 1872 च्या कलम 7 नुसार स्वीकृती जशीच्या तशी हवी. अटी बदलून आलेली पीओ म्हणजे त्यांचा उलट प्रस्ताव. आता त्यांचा पीओ नंबर चलनावर टाकून पहिला लॉट पाठवलात, की कलम 8 प्रमाणे तुम्ही कृतीने होकार दिलात असं ते म्हणणार. वाद झालाच तर तुमचं कोटेशन फाईलमध्येच राहील.

म्हणून गाडी भरण्याआधी खरेदी विभागाला ऑर्डर स्वीकृतीचा मेल टाका. गोड गोड मेल नको, मोजका लिहा: ‘आपली पीओ क्रमांक अमुक, ड्रॉईंग अमुक रिव्हिजन बी, पुढील मुद्दे सोडून मान्य आहे. सुधारित पीओ मिळाल्यावर पहिला लॉट पाठवू.’ खाली मुद्दे. फोनवर ‘हो हो, करून देतो’ म्हणतील. ते चालत नाही, पीओची अमेंडमेंट (लेखी दुरुस्ती) हातात हवी. आणि पीओत ‘आमच्या वेबसाईटवरील वेळोवेळी बदलणाऱ्या अटी लागू’ असं वाक्य असेल तर आजची पीडीएफ उतरवून ठेवा, ‘आजच्या तारखेच्या अटी’ असंही लिहून मागा.

रेटशीट
पैसा कुठे गळतो ते आकड्यांत बघा.

दंड. आठवड्याला 1 टक्का, पण कशाच्या? 400 नगांचा लॉट अडकला तर त्याची किंमत 72,800, दंड 728 रुपये. तेच ‘ऑर्डर व्हॅल्यू’वर धरलं तर 1,09,20,000 चा 1 टक्का, म्हणजे 1,09,200. एका शब्दाचा फरक. ‘उशीर झालेल्या मालाच्या किमतीवर, आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त 5 टक्के’ असं करून घ्या. ड्रॉईंग मंजुरी किंवा पहिल्या नगाची तपासणी त्यांच्याकडे अडकली तर ते दिवस वजा, हेही लिहा. कलम 74 खाली कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा, हे खरं. पण ते तुमच्या बिलातून आधीच कापून घेतात; कोर्टात जायची वेळ तुमच्यावर येते.

भाव. नगाला बार 1.9 किलो, तयार शाफ्ट 1.4, स्क्रॅप 0.5. बार किलोला 68 वरून 74 झाला आणि स्क्रॅपचा भाव 2 रुपयांनी चढला, तर नगामागे 11.40 वजा 1, म्हणजे 10.40 रुपये तुमच्या खिशातून. महिन्याला 5,000 नग धरा: 52,000. म्हणून वाद भावावर घालू नका, सूत्रावर घाला: मूळ दर, त्याची तारीख, दर कोणत्या मिलच्या यादीतून घ्यायचा, तीन महिन्यांनी फेरफार, दर उतरला तर तुम्हीही कमी करायचं. शेवटचा भाग घातला की खरेदीवाले बरेचदा ऐकतात.

फिक्स्चर. 3,60,000 भागिले 60,000 म्हणजे नगाला 6 रुपये. 20,000 नगांवर पार्ट बंद झाला तर 2,40,000 बुडाले. पीओत लिहा: भावातले 6 रुपये फिक्स्चरचे, 60,000 च्या आधी थांबलं तर उरलेली रक्कम 30 दिवसांत, पूर्ण वसूल झाल्यावर मालकी त्यांची.

पार्ट असा मध्येच थांबू शकतो, कारण ओपन पीओतले 60,000 बहुतेक वेळा फक्त अंदाज असतो. खरी ऑर्डर म्हणजे दर महिन्याचं शेड्यूल. चालू महिना पक्का, पुढच्या महिन्याच्या बारची जबाबदारी त्यांची, त्यापुढचा अंदाज, अशी पायरी मागा. ड्रॉईंगची नवी आवृत्ती, रिव्हिजन सी, आली तर बी चा तयार आणि अर्धवट माल कोण उचलणार, तेही त्याच ओळीत.

जुना_स्टोअर
कागदावर छान आहे. पण मोठी कंपनी छापील अटींतला एक शब्द बदलत नाही. खरेदीवाला म्हणेल, पटत नसेल तर शेजारी दुसरा बसलाय.

चलनबुक
छापील पानं नाही बदलत, बरोबर. पण पीओच्या पहिल्या पानावर ‘विशेष शेरा’ची जागा असते, तिथे चार ओळी बसतात. ‘विशेष शेरा आणि सर्वसाधारण अटींत फरक असल्यास शेरा ग्राह्य’ एवढं वाक्य तिथे आलं की काम झालं. सातही पानांवर भांडू नका. दंडाची मर्यादा, भावाचं सूत्र, फिक्स्चर आणि रिजेक्शनची मुदत, बस.

पेमेंटसाठी तर भांडायचीही गरज नाही. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा 2006, कलम 15: सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करारानेही माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत लावता येत नाही. मुदत लेखी ठरलेलीच नसेल तर 15 दिवस. तुमचे 60 तिथेच पडतात. उशीर झाला तर कलम 16: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. बँक रेट 6 टक्के धरला तर 5,00,000 वर तीन महिन्यांचं व्याज 22,839 रुपये.

दुसरा दट्ट्या आयकराचा, करनिर्धारण वर्ष 2024-25 पासून: 1961 च्या कायद्यात कलम 43बी(एच), 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात कलम 37. मुदत उलटून 31 मार्चला तुमचं बिल थकीत राहिलं, तर त्या वर्षी त्यांना तो खर्च वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळतो. त्यामुळे फेब्रुवारीत अकाउंट्सला आठवण करणं सर्वांत फळतं. इनव्हॉइसवर उद्यम क्रमांक आणि ‘सूक्ष्म’ छापा, नाहीतर त्यांच्या यादीत तुम्ही येतच नाही.

टर्निंग_भोसरी
45 दिवस गेटपासून मोजायचे की जीआरएनपासून (माल मिळाल्याची त्यांची नोंद)? जीआरएन ते दहा-बारा दिवसांनी काढतात.

गेजवाला
गेटपासून. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस, असं त्याच कायद्यात आहे. लेखी हरकत आली, तर ती दूर केल्याच्या दिवसापासून. म्हणून चलनाच्या प्रतीवर गेटचा तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय ड्रायव्हरने हलायचं नाही. 45 दिवसांच्या दाव्यात हाच कागद उपयोगी पडतो.

रिजेक्शनचं कलम ‘केव्हाही’ असेल तर ‘पोचल्यापासून 10 दिवसांत, मापांसह लेखी’ करा. लाईनवर सापडलेल्या दोषासाठी वेगळी मुदत द्या, पण नग परत करण्याची अट ठेवा. मशिनिंगचा दोष असेल तर सहसा व्यासाचा वाद होतो: तुमचा मायक्रोमीटर 24.98 दाखवतो, त्यांचा 24.97, आणि खालची मर्यादा 24.98. कोणाचं गेज अंतिम आणि दोन्हींचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) कधीचं, हे आधी ठरलं नाही तर 400 नग परत येतात.

डेबिट नोट आली म्हणून जीएसटी आपोआप कमी होत नाही. तो कमी होतो तुमच्या क्रेडिट नोटवर, आणि ती माल पुरवल्याचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच, रिटर्नमध्ये दाखवता येते. परत आलेले नग त्याच दिवशी मोजा. डेबिट 400 चं आणि पेटीत 371, हे नेहमीचंच.