मदत हवी आहे: सॉफ्टबॉलमध्ये तिसरा स्ट्राइक कॅचरकडून (बॅटरमागे चेंडू झेलणारी खेळाडू) सुटला तर पंचाने खूण कशी करावी?
सोलापुरात शालेय सॉफ्टबॉलसाठी नवे पंच तयार करतोय. बॅट न फिरवता गेलेला स्ट्राइक (बॅटरविरुद्ध मोजला जाणारा चेंडू; तिसऱ्याला ती एरवी आउट) मोठ्याने पुकारायचा, बॅट फिरली तर फक्त उजव्या हाताची खूण, एवढं पक्कं बसलंय. अडतं ते तिसरा स्ट्राइक कॅचरकडून सुटला की. पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झाले असतील तर बॅटर पळू शकते. पण पंचाने सवयीने आउट दाखवलं की ती थांबते, कॅचरही चेंडू फेकत नाही. शिवाय चेंडू टप्पा खाऊन ग्लोव्हमध्ये आला तर तोही सुटलेलाच, पण कॅचरच्या पाठीमागून तो टप्पा नीट दिसत नाही. स्ट्राइकच्या खुणेनंतर दोन्ही हात आडवे पसरून ‘नो कॅच’ पुकारावं का? बेस पंचाने टप्प्याची खूण कशी द्यावी? राज्य स्पर्धांत पंच राहिलेल्यांनी कृपया सांगा.