इस्मत चुगताई: सुरुवात कुठून करावी?

पानफुटी: उर्दू लिपी येत नाही, देवनागरीतलं हिंदी-उर्दू मात्र अडत नाही. उर्दू लेखिका इस्मत चुगताईंची 'लिहाफ' (रजई) ही कथा तेवढी ऐकून माहीत आहे. क्रम कसा लावावा? आत्मचरित्र आधी वाचलं तर कथा सोप्या जातील का?

कात्रीवाली: 'लिहाफ' पहिली घेऊ नका. तिच्यावरच्या अश्लीलतेच्या खटल्याची चर्चा आधीच डोक्यात असते आणि मग वाचणारा फक्त वादग्रस्त जागा हुडकत बसतो. 'चौथी का जोडा' ही कथा घ्या, आणि सुरुवात घाईने संपवू नका. कुब्रा या लग्नाच्या मुलीची आई लाल तूल (सुती कापड) पुढ्यात घेऊन कापडाची कान (तिरकेपणा) काढते, खळ मोडते, कधी तिकोनी तर कधी चौकोनी घडी घालते, कात्री आधी मनातल्या मनात चालवते. पुढे राहत घरी राहायला येतो आणि त्याच्या पराठ्यांसाठी दागिने विकले जातात. लग्नाच्या बाजारात मुलीच्या घरचं काय काय खर्ची पडतं, ते इस्मतबाई एकही भाषण न ठोकता दाखवतात. शेवट सांगत नाही, पण ती कात्री विसरू नका. मग 'नन्ही की नानी', मग 'लिहाफ'.

जाजम: सहमत. देवनागरी प्रत घेताना नुक्ते (उर्दू उच्चारांसाठी अक्षराखालचे टिंब) आणि तळटीपा आहेत का ते पाहा. बायकांच्या तोंडच्या 'निगोडी', 'मुआ' अशा शिव्या कोशात बघत बसलात तर लय तुटते. पहिल्यांदा मोठ्याने वाचा, सूर कानाला कळतो. रेख्ता या उर्दू साहित्याच्या संकेतस्थळावर शब्दावर टिचकी मारली की अर्थ दिसतो, तो दुसऱ्या वाचनाला वापरा. 'लिहाफ'मध्ये सांगणारी मोठी झालेली बाई आहे, पाहणारी मात्र लहान मुलगी. भिंतीवरच्या रजईच्या सावलीत तिला हत्ती दिसतो, कारण तिच्याकडे दुसरा शब्दच नाही. आणि नवाबसाहेबांवरची सुरुवातीची पानं गाळू नका. बेगम जानचा एकटेपणा तिथूनच सुरू होतो.

पानफुटी: आणि आत्मचरित्र?

कात्रीवाली: 'कागजी है पैरहन' हे आत्मचरित्र नंतरच. ते 'आजकल' मासिकात १९७९-८० मध्ये प्रकरणाप्रकरणाने आलं, त्यामुळे काळ मागेपुढे उड्या मारतो. सलग चरित्र समजून वाचलं की वर्षांचा घोळ होतो. हवं ते प्रकरण सुटं वाचा. 'लिहाफ'वरच्या लाहोरच्या खटल्याचं तर नक्कीच. त्याच वेळी उर्दू कथाकार मंटोंवर 'बू' या कथेसाठी खटला चालू होता. 'लिहाफ'मध्ये अश्लील शब्द कुठला, असं विचारल्यावर साक्षीदार 'आशिक' (प्रियकर) या शब्दावर अडून बसतो, ती जागा मूळ भाषेतच वाचायला हवी.

जाजम: त्याच्या जोडीला 'दोजखी' हा भावावरचा लेख ठेवा. भाऊ अजीमबेग चुगताई, स्वतः लेखक, आयुष्यभर आजारी. मेलेल्या माणसाबद्दल गोडच बोलायचं हा संकेत बाईंनी साफ धुडकावलाय, तरी माया ओळीओळीत आहे. 'टेढी लकीर' सगळ्यात शेवटी: कादंबरी मोठी आहे, आणि तिची नायिका शमन हिला इस्मतच समजून वाचलं तर निम्मी हातची जाते.