अनुभव धागा: तुमचे रॉक अल्बम, क्रमाने लावा (आणि कुठली प्रत ऐकायची तेही सांगा)

बर्डीची_कॅसेट

नवतपा तोंडावर आला म्हणून सज्ज्यावरून कूलर काढला, तर मागे कॅसेटांचा खोका. एकीच्या खिडकीतून फीत पांढुरकी दिसून राहिली. तेव्हापासून डोक्यात क्रमवारी सुरू आहे, म्हणून धागा.

पाच अल्बम द्या. गाणी नव्हे, अल्बम. एका बैठकीत, ठरल्या क्रमाने, मधे काही न गाळता ऐकून टिकतो तोच. दोन गाजलेली आणि आठ भरतीची असतील तर बाद.

१. पिंक फ्लॉइड, द डार्क साइड ऑफ द मून (१९७३). सुरुवातीला हृदयाचे ठोके, शेवटीही तेच. 'मनी'च्या तोंडाशी नाणी आणि गल्ल्याचा आवाज येतो ना, ते फितीचे सारख्या मापाने कापून जोडलेले सात तुकडे आहेत, गोल फिरवलेले. म्हणून ताल सातचा. तबलेवाल्यांनी रूपक धरून पाहावा, पण सावध: रूपकात समेवरच खाली (टाळी नाही) असते, इथे पहिल्याच मात्रेवर आपट आहे. सॅक्सोफोन सातातच वाजतो, गिटारचा सोलो आला की चारात जातात. तिथेच बहुतेकांचं बोट चुकतं.

२. लेड झेपलिनचा चौथा (१९७१), ज्याच्या मुखपृष्ठावर नावच नाही. शेवटच्या गाण्याचे ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याशी मांडले आणि दोन माइक वरच्या मजल्यावर टांगले. तो घुमारा जिन्याचा आहे, त्यावर बिन्सनच्या इको मशीनचा हात फिरवलेला.

३. डीप पर्पल, मशीन हेड (१९७२)
४. मेटालिका, मास्टर ऑफ पपेट्स (१९८६)
५. इंडियन ओशन, कंदिसा (२०००)

चालू द्या.

धरमपेठी_ड्रमर

मशीन हेड तिसरा?? काऊन बे? माझ्याकडे तो एक नंबर.

रेकॉर्डिंग जिथे ठरलं होतं तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो डिसेंबर १९७१ मध्ये जळाला, मग हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळीत वाजवला. यंत्रं बाहेर रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओच्या गाडीत. टेक ऐकायला जायचं तर खोल्या, बाल्कन्या ओलांडत जावं लागे, म्हणून पोट्टे ऐकायला जायचेच नाही. जमला वाटला की पुढचं गाणं. तो मोकळेपणा ऐकू येते. आणि जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटार अँपमधून काढला आहे, म्हणून काही ठिकाणी गिटार कोणती अन् ऑर्गन कोणता कळत नाही.

सदरकर_६तारा

ड्रमरभाऊ, त्याच अल्बममधल्या 'स्मोक ऑन द वॉटर'चं रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) नागपुरातल्या प्रत्येक वाद्यांच्या दुकानात रोज चुकीचं वाजते. प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या चकतीने) पाचवी-सहावी तार ठोकून राहतात. तसं नाही ते.

चौथी आणि तिसरी तार, एकाच बोटाने दोन्ही दाबायच्या. आकडे म्हणजे कितवा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरची धातूची आडवी पट्टी). मोकळ्या, ३, ५. मोकळ्या, ३, ६, ५. मोकळ्या, ३, ५, ३, मोकळ्या. उजव्या हातात प्लेक्ट्रम नको, अंगठा आणि तर्जनीने दोन्ही तारा एकदम उचला. एकीमागून एक लागल्या की मजा गेली. मोकळ्या तारा सोडताना तळहाताने दाबून बंद करा, नाहीतर पुढच्या सुरात घाण मिसळते.

माझे पाच नंतर टाकतो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

कॅसेट_वैद्य

@बर्डीची_कॅसेट, क्रमवारी राहू द्या, आधी ती पांढुरकी कॅसेट डेकमध्ये टाकू नका!! ती बुरशी आहे. एक वाजवली की हेडला (डेकमधला फीत वाचणारा भाग) लागते, तिथून पुढच्या दहा कॅसेटांना.

१) आधी वेगळी पिशवी. बाकीच्यांत ठेवू नका.
२) तोंडाला मास्क लावून, घराबाहेर. कवच पाच स्क्रूचं असेल तर आडवं ठेवून उघडा, उभं धरलं की दोन्ही चाकं आणि आतले गुळगुळीत कागद घरंगळतात. उघडताच फोटो काढून ठेवा, फीत कोणत्या रोलरवरून गेली ते मागाहून आठवत नाही.
३) कवच चिकटवलेलं असेल (विकतच्या अनेक कॅसेटा तशाच) तर सांध्यावर ब्लेड हळूहळू फिरवा आणि फिरक्या रिकाम्या स्क्रूवाल्या कवचात घाला.
४) कडेवरची बुरशी कोरड्या मऊ ब्रशने. मग न वाजवता एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, शक्यतो जुन्या फालतू डेकवर. फितीला दोन्हीकडून लिंट न सोडणारं कापड हलकं टेकवलेलं.
५) नंतर त्या डेकचे हेड, कॅपस्टन (फीत ओढणारा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने. रबराच्या रोलरला साबणाचं किंचित पाणी, अल्कोहोलने रबर हळूहळू कडक होते.

फीत तुटली तर सेलोटेप लावायची नाही. तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो. जोडकामाची वेगळी टेप मिळते.

तर्रीवाली_पोह्यांची

वैद्यकाका, पेन्सिलचं राहिलं 😀 षटकोनी नटराज! गोल पेन्सिल घसरते.

कॅसेट_वैद्य

हाव ताई. पण सैल फीत आवळायपुरतीच. पेन्सिलने पूर्ण गुंडाळली तर वेढे कुठे घट्ट कुठे सैल बसतात आणि आवाज डुलतो.

मिहान_नाइटशिफ्ट

डार्क साइड फोनवर ऐकते तर दोन गाण्यांच्या मधे बारीक टक् येतो, सगळा मूड जातो. फाइल खराब आहे का? फक्त एवढंच विचारायचं होतं, यादी नाही माझी

रेकॉर्ड_ठेवा_उभ्या

फाइल खराब नाही. एमपी३ फ्रेमफ्रेमने बनते, एका फ्रेममध्ये १,१५२ नमुने. गाणं त्याच्या नेमक्या पटीत संपत नाही, म्हणून पुढे-मागे शांतता भरली जाते. सुटी गाणी ऐकताना कळत नाही. एकमेकांत मिसळलेल्या अल्बमात लगेच टोचते. अॅपमध्ये 'गॅपलेस' चालू करा, 'क्रॉसफेड' बंद, शफल तर बंदच. तरी आलं तर फ्लॅक फाइल घ्या, तिच्यात ही भर नसते.

आता माझं. बर्डीभाऊंचा दुसरा नंबर माझा पहिला, पण एलपीवर ऐकणाऱ्यांना एक सूचना. ३३⅓ फेऱ्यांवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच जाते, आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज अर्ध्याहून कमी जागेत कोरलेला. त्या अल्बमच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आठ मिनिटांचं आणि त्याचा सर्वात जोरकस भाग नेमका आत. म्हणून जुनी प्रत घेताना सुरुवात ऐकून पैसे देऊ नका, तो शेवटचा गिटार सोलो लावायला सांगा. तिथे फाटत नसेल तर प्रत चांगली. सुईचा भार कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणाऱ्याने सांगितला तेवढाच, बहुतेकांचा दीड ते दोन ग्रॅम. कमी ठेवल्याने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे, हलकी सुई खाचेत उडते आणि जास्त खरवडते.

आणि मे महिन्यात रेकॉर्ड गाडीत ठेवू नका. साठ-सत्तर अंशांच्या आसपास व्हिनाइल मऊ पडते, उन्हातली बंद गाडी तिथवर सहज जाते.

महाल_हेवी

गाडीचं सोडा, कूलरचं कोणी बोलेना. नागपुरात मूळ दुश्मन तोच! गवताच्या पट्ट्यांतून ओली हवा सरळ रेकॉर्डच्या कपाटावर. बाहेर हाडं वाळवणारा कोरडेपणा, खोलीत पावसाळा. बुरशी तिथूनच येते. कपाट कूलरच्या झोताच्या रांगेत नको, समोरच्या भिंतीला तर नकोच. आणि खिडकी उघडी ठेवा, कूलर बंद खोलीत चालवायचाच नसते.

तर्रीवाली_पोह्यांची

समोरची भिंत सोडली तर आमच्याकडे दुसरी भिंतच नाही, दोन खोल्या आहेत भाऊ

महाल_हेवी

मग झाकण असलेला प्लास्टिक डबा अन् आत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ओल प्यायले समजा, कढईत मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे. कढई जुनी घ्या, नंतर तिच्यात पोहे नका करू 😄

बरं यादी. एक: ब्लॅक सॅबथ, मास्टर ऑफ रिॲलिटी (१९७१). दोन: आयर्न मेडन, द नंबर ऑफ द बीस्ट (१९८२). तीन: मास्टर ऑफ पपेट्स. बाकी दोन रिकामे, उगाच भरत नाही.

सदरकर_६तारा

आलो. मास्टर ऑफ रिॲलिटीला माझा हात वर. टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात तुटली, तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचाच हात. टोप्या घालून वाजवतो. तारा सैल हव्या म्हणून काही गाण्यांत गिटार दीड स्वर उतरवली, त्यातून तो जड आवाज.

घरी करून पाहणाऱ्यांना: ०.००९ इंचाच्या तारा सी शार्पवर उतरवल्या तर फडफडतील. ०.०११ चा संच घाला, नेक थोडी वाकेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरी, एक दिवस थांबा, मग पुन्हा बघा. एकदम पूर्ण फेरी मारू नये.

नवशिका_रामदासपेठ

सर माझ्या गिटारला फ्रेटच्या कडा हाताला टोचतात, आधी नव्हत्या. दुकानवाला म्हणतो फ्रेट बदला

सदरकर_६तारा

बदलू नको. एप्रिल-मे आहे, लाकूड आक्रसलं, धातू तेवढाच राहिला, म्हणून टोकं बाहेर. केसमध्ये ठेव, साबणाच्या डब्याला भोकं पाडून आत ओला पिळलेला स्पंज, दोन-तीन दिवसांनी पुन्हा ओला करायचा. पाणी ठिबकायला नको. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर बस. जुलैत आपोआप आत जातील. आत्ता कानस मारली तर पावसाळ्यात कडा आखूड वाटतील.

धरमपेठी_ड्रमर

यादी चालू होती ना भाऊ??

व्हीयू_मीटर

ही घ्या. मास्टर ऑफ पपेट्स दोन. कारण सोपं, उजव्या हाताचे सगळे फटके खालच्याच दिशेने, त्या वेगात. मेटालिकाचाच पुढचा १९८८चा अल्बम यादीत नाही, बास जवळपास ऐकूच येत नाही त्यात. २००८चा डेथ मॅग्नेटिक सीडीवर ऐकू नका, इतका दाबला (हळू-मोठे सगळे आवाज सारख्याच जोरात आणले) की ड्रम करकरतात. व्हिडिओ गेमसाठी गेलेली आवृत्ती कमी दाबलेली होती, लोक तीच शोधत बसले.

कोणतीही 'रीमास्टर' घ्यायच्या आधी ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) उघडून बघा. लाटेला डोंगर-दऱ्या दिसल्या तर बरं, सलग विटेसारखी असली तर सोडा. तुलना करताना मोठ्या आवाजाची प्रत आधी खाली आणून सारखी करा, नाहीतर कान नेहमी मोठ्यालाच चांगलं म्हणतो.

एक नंबर अर्थात डार्क साइड. तीन ते पाच रोज बदलतात.

तर्रीवाली_पोह्यांची

कंदिसाला कोणी काही बोललं नाही. माझा पहिला तोच. शीर्षकाचं गाणं म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांची प्रार्थना, भाषा अरामी. आणि 'मा रेवा' नर्मदेचं लोकगीत, आपल्या शेजारचंच पाणी! असीम चक्रवर्ती एकाच वेळी गायचा आणि तबला वाजवायचा. हेडफोनवर तबला आणि अमित किलमचे ड्रम वेगवेगळे धरून ऐका, ड्रम कुठे मुद्दाम गप्प राहतात ते कळेल.

बर्डीची_कॅसेट

ताई, पाचवरून तीनवर घेतो. मशीन हेड चार. ड्रमरभाऊ शिव्या द्या.

वैद्यकाका, एक विचारू? स्क्रूवालीच निघाली. स्वच्छ करून त्याच फितीवर डार्क साइड भरायचा विचार आहे. सी-६० आहे (दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटं).

कॅसेट_वैद्य

बुरशीच्या फितीवर नवीन कशाला भरता, जुनंच काढून घ्या. डेकच्या लाइन-आउटमधून कंप्युटरच्या लाइन-इनमध्ये, माइकच्या भोकात नाही, ते बहुधा एकच बाजू घेते. २४ बिट, आवाजाचं शिखर उणे ६ डेसिबलच्या वर नको. आवाज बोदा वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी किंचित फिरवा, झांज सगळ्यात स्पष्ट होईल तिथे सोडा, काम झालं की परत जागेवर.

भरायचंच तर सी-९० घ्या. डार्क साइड ४३ मिनिटं, एका बाजूत अख्खा मावतो, उलटायची कटकट नाही. दुसऱ्या बाजूला झेपलिनचा चौथा, तोही ४३ च्या आत. सी-६० मास्टर ऑफ पपेट्सला ठेवा, दोन्ही बाजू २७-२८ मिनिटांच्या. सी-१२० फुकट मिळाली तरी नको, फीत फार पातळ, उन्हाळ्यात रोलरला गुंडाळते.

धरमपेठी_ड्रमर

अन् मशीन हेड कशावर?

कॅसेट_वैद्य

साडेसदतीस मिनिटं. सी-९०ची एक बाजू, वर सात मिनिटं कोरी राहते.

मिहान_नाइटशिफ्ट

गॅपलेस चालू केलं, टक् गेला 🙏 ९९ टक्केवालं अल्कोहोल बर्डीत कुठे मिळेल, मेडिकलमध्ये सॅनिटायझर देऊन राहिले

महाल_हेवी

मोबाईल रिपेरिंगचं सामान विकतात तिथे. आयपीए म्हणून मागा. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते, हेड चिकट होईल.