अ‍ॅम्बेसेडर मार्क ४ : मागचे ब्रेक लागतच नाहीत, सुरुवात कुठून करू?

दारव्हा_मार्क४
चारही चाकांना ड्रम ब्रेक. पायडल कडक आहे, वरच थांबतं. पण मुरमाच्या रस्त्यावर जोरात दाबला की पुढची चाकं घासत जातात अन् मागच्यांची साधी रेघ उमटत नाही. हॅन्डब्रेक चढावर गाडी धरतो. उजव्या मागच्या चाकाच्या आतून तेलकट काळा ओघळ आलाय. मेकॅनिक म्हणतो मास्टर सिलिंडर (पायडलचा दाब ऑइलला देणारा), मागचे दोन्ही व्हील सिलिंडर (चाकातले, ब्रेक दाबणारे), लायनर (ड्रमला घासणारा थर), सगळंच बदला. एवढं एकदम घ्यायचं का राजेहो?

पाना_पेंचिस
मास्टरला हात लावू नका भाऊ. सिंगल मास्टर असेल तर पुढचे लागतात म्हणजे तो दाब देतोय. टँडम (पुढच्या अन् मागच्या ब्रेकला वेगळे भाग असलेला) असेल अन् त्यातला मागचा भाग गेला असेल तर पायडल खाली गेलं असतं, तुमचं वरच थांबतंय.

हॅन्डब्रेक त्याच मागच्या शूंना (लायनर बसवलेल्या पट्ट्यांना) ओढतो, पण ऑइलशिवाय. तो धरतो अन् पायाचा धरत नाही, म्हणजे दाब मागे पोचत नाही. दोन व्हील सिलिंडर एकाच वेळी जाम होणं विरळाच. दोघांत सामायिक आहे तो बॉडीपासून मागच्या अ‍ॅक्सलच्या हौसिंगपर्यंतचा रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी). बाहेरून नवाकोरा दिसतो, आतून रबर फुगून भोक बुजलेलं असतं.

तपासायला दोघं लागतात. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडे लावा, मागचं हौसिंग स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर खाली शिरू नका), हॅन्डब्रेक सोडा. डाव्या चाकाच्या निप्पलला (चाकामागं असते ती, ब्रेकमधली हवा काढायची) पारदर्शक नळी लावा, रिंग पान्यानं अर्धा फेरा सैल करा अन् दुसऱ्याला पायडल दाबायला सांगा. धार आली तर होज मोकळा आहे, सिलिंडर उघडा. नाही आली तर निप्पल काढून तिचं भोक तारेनं साफ करा. आपल्याकडे निम्म्या वेळा तिथंच काळी माती बसलेली असते. तरीही कोरडी असेल तर उजवी बघा. दोन्ही कोरड्या निघाल्या तर होजच्या बॉडीकडच्या टोकाला येणाऱ्या लोखंडी पाइपची नट सैल करून पुन्हा दाबायला सांगा. तिथं जोरात आलं तर होज गेला. तिथंही नाही आलं तर पाइप कुठंतरी चेपलीय. चुकीच्या जागी जॅक लावला की असंच होतं.

काळीमाती
वरचं बरोबर, पण हॅन्डब्रेक चढावर धरतो म्हणजे दोन्ही चाकं धरतात असं नाही. एकटं डावं चाकही उभी गाडी धरून ठेवतं. दोन्ही चाकं उचलून हॅन्डब्रेक ओढा अन् एकेक चाक हातानं फिरवून बघा.

ओघळाचा थेंब पाण्याच्या ग्लासात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. अ‍ॅक्सलमधलं नव्वद नंबरचं ऑइल वर तरंगतं अन् गंधकासारखा उग्र वास येतो. तरंगलं तर व्हील सिलिंडर नाही, अ‍ॅक्सलचं ऑइल सील.

दारव्हा_मार्क४
दोन्ही निप्पल कोरड्या. तारेनंही काही निघालं नाही. बॉडीकडची नट सैल केली तर पिचकारी उडाली. थेंब तरंगला. हॅन्डब्रेक ओढल्यावर उजवं चाक जड फिरतं, पण फिरतं.

काळीमाती
म्हणजे दोन वेगळे दोष: होज बुजलाय अन् उजव्या बाजूचं अ‍ॅक्सलचं सील गळतंय. सील बदलण्याआधी हौसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं भोक) उघडून बघा. पावसाळ्यात चिखलानं तो बुजतो, हौसिंग गरम झालं की आत दाब तयार होतो अन् ऑइल सीलमधून वाट काढतं. ब्रीदर बंद ठेवून नवं सील घातलं तर तेही ओलं होणार. ऑइल लेव्हल प्लगच्या वर भरलंय का तेही बघा.

तेल प्यालेले लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून वापरू नका, गरम झाले की तेल पुन्हा वर येतं. बदलायचे तर दोन्ही मागच्या चाकांचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल. अन् ड्रममधली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरनंही नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

पाना_पेंचिस
होज लावताना पीळ पडू देऊ नका. गाडी चाकांवर उभी असताना तो सायलेन्सरला किंवा स्प्रिंगला घासत नाही हे बघा. सिलिंडर उघडलेच तर रबरं डिझेल-पेट्रोलनं धुवू नका, फुगतात. ब्रेक ऑइलनंच पुसा. आत खड्डे दिसले तर नुसतं किट (नवी रबरं) टाकून भागत नाही, सिलिंडरच नवा घ्या.

शू लावताना आधी हॅन्डब्रेकची केबल पूर्ण सैल करा. मग अ‍ॅडजस्टर (शू ड्रमजवळ आणणारा) चाक जाम होईपर्यंत आवळा अन् मोकळं फिरेल इतकाच सोडा. केबल शेवटी. बरेच जण आधी केबल ताणतात, मग शू जागेवर बसतच नाहीत.

एअर (होज बदलताना आत शिरलेली हवा) काढताना डावं मागचं आधी, मग उजवं. ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. बाटलीत निघालेलं परत ओतू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

पहिली चाचणी सपाट मुरमावर, २० च्या वेगात. चारही रेघा दिसेपर्यंत चिखलदऱ्याचा घाट नको.