टेंडरच्या जोडपत्रात सुगम्यतेच्या कुठल्या अटी सक्तीच्या ठेवायच्या?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी नाशिकला, इंदिरानगरमध्ये वेबसाइटच्या कामात आहे. एका स्थानिक संस्थेचं नवं संकेतस्थळ होणार आहे. टेंडरला लावायच्या सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही संकेतस्थळ वापरता यावं याच्या, जोडपत्राचा मसुदा माझ्याकडे तपासायला आलाय. टेंडर आम्ही भरणार नाही, फक्त सल्ला द्यायचाय.

मसुद्यात एकाहत्तर अटी आहेत. अक्षर लहान-मोठं करायची बटणं, पान काळं करायचं बटण, प्रत्येक व्हिडिओला सांकेतिक भाषा, वर ‘संपूर्ण संकेतस्थळ ट्रिपल ए दर्जाचं असावं’ (सुगम्यतेच्या ए, डबल ए, ट्रिपल ए अशा तीन पातळ्या, ही सर्वांत वरची). सगळ्यांपुढे एकच शब्द, ‘अनिवार्य’. मला भीती वाटते ती याचीच. सगळंच अनिवार्य असलं की तपासणारा डोळ्यांना दिसेल तेवढं तपासतो. बटण दिसतंय? मारा टिक.

पंचवटीत माझी मावशी राहते. काचबिंदूने तिची नजर गेली. गेल्या महिन्यात ती घरपट्टी भरत होती, मी शेजारी बसले होते. फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, चालू. बोट सरकवलं की आवाज यायचा, ‘अनलेबल्ड बटण’, म्हणजे बटणाला नावच दिलेलं नाही. परत सरकवलं, परत ‘अनलेबल्ड बटण’. सातव्या-आठव्या खेपेला तिला मालमत्ता क्रमांकाची चौकट सापडली. क्रमांक तिला पाठ होता. मग आला कॅप्चा, सहा अक्षरांचं चित्र, ऐकायची सोय नाही. तिने फोन मांडीवर पालथा ठेवला आणि म्हणाली, ‘राहू दे गं, तूच भर.’ एकतीस वर्षं हिशेबनीस होती ती, चार आण्याची चूक शोधायला रात्री बसायची. अक्षर मोठं करायचं बटण त्या पानावर होतं.

तर छाटणी करायची, पण कसोटी कुठली लावू?

नाशिकरोडकर

ताई, मी जन्मांध आहे, नोकरी करतो, दिवसभर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर (संगणकाचा पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) असतो. ती अक्षराची बटणं माझ्या कामाची नाहीत, आणि कमी दिसणारे माझे मित्रही ती वापरत नाहीत. ते ब्राउझरमध्येच दोनशे टक्के झूम करतात. अट घालायची तर ही घाला की दोनशे टक्के झूम केल्यावर काही कापलं जाऊ नये. ती डबल ए मध्ये आहेच.

तुमच्या एकाहत्तरात दोन गोष्टी आहेत का बघा. नसतील तर बाकी सगळं फोल आहे.

पहिली, मजकूर युनिकोडमध्येच हवा. आमच्याकडे अजून कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली परिपत्रकं येतात. डोळ्यांना तिथे ‘नाशिक’ दिसतं. पण फाइलमध्ये रोमन अक्षरं असतात, यू, के, एफ, मग एक अवतरणचिन्ह, मग के, डी. माझ्या कानावर तेच येतं. पानभर. स्कॅन करून चढवलेली पीडीएफ त्याहून वाईट, तिथे आवाजच येत नाही. परदेशी मानकात कृतिदेवचं नाव सापडणार नाही, ते आपल्यालाच लिहावं लागेल.

दुसरी, पानाची भाषा. तयार टेम्प्लेट उचलतात, त्याच्या कोडमध्ये पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली असते आणि तशीच राहते. मग मराठी मजकुरावर इंग्रजी आवाज लागतो. कोणी हिंदी लिहून ठेवलं तर ‘चांगला’ मधला च हिंदी च होतो आणि ळ गडबडतो. एवढी एक ओळ दुरुस्त करायला मिनिट लागत नाही. ए पातळीची, म्हणजे अगदी तळाची अट आहे ही.

विसूभाऊ

मी बरीच वर्षं सॉफ्टवेअर तपासणीत काढली. सर्वोच्च न्यायालयाचा ८ नोव्हेंबर २०२४ चा राजीव रातुरी प्रकरणातला निकाल वाचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४० प्रमाणे केंद्राने सुगम्यतेचे नियम करायचे होते. २०१७ च्या नियमावलीतल्या नियम १५ मध्ये निरनिराळी मार्गदर्शक तत्त्वं एकत्र बांधली होती. न्यायालय म्हणालं, कायद्याला सक्ती अपेक्षित आहे आणि हाती पडताहेत शिफारशी. नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरला, आणि ज्यात तडजोड नाही असे नियम वेगळे काढा, असा आदेश झाला. तुमच्या टेबलावर तोच प्रश्न आहे, लहान आकारात.

माझं मत: तळाची यादी स्वतः रचू नका. आयएस १७८०२ हे सुगम्यतेचं भारतीय मानक आहे, सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू या मार्गदर्शक तत्त्वांची २०२३ ची तिसरी आवृत्ती आहे, तिचा पाया डब्ल्यूसीएजी (वेब सुगम्यतेचं आंतरराष्ट्रीय मानक) २.१ डबल ए. त्यांचा हवाला द्या. ट्रिपल ए सरसकट मागू नका. डब्ल्यूसीएजी लिहिणारेच सांगतात की काही मजकुराला त्या सगळ्या कसोट्या लावणं शक्य नसतं, म्हणून धोरण म्हणून ती मागू नये. अशक्य अट असली की ठेकेदार शक्य अटींवरही सूट मागतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही, चारदा.

आणि प्रत्येक अटीपुढे लिहा, कोण तपासणार आणि कशाने. ‘रंगसंगती सुखद असावी’ तपासता येत नाही. ‘मजकूर आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट किमान ४.५ला १’ मोजता येतो.

सेतूवाली

विसूभाऊंचं पटतं, पण मोजता येतं तेवढंच ठेवायचं म्हटलं तर माझ्या खिडकीशी येणारी माणसं निसटतील. मी दाखल्यांचे अर्ज भरते. दिंडोरीचे एक बाबा आले होते, जन्म १९५१ चा. तारखेच्या चौकटीत टाइपच होत नव्हतं, कॅलेंडर उघडायचं आणि एकेक महिना मागे जायचं. मी बाण दाबत बसले. वर्ष निवडायची जागा कुठेतरी असेलही, मला सापडली नाही. तेवढ्यात बाबा पिशवीतून रेशनकार्ड काढेपर्यंत सेशन संपलं. भरलेलं सगळं गेलं. बाबा मला म्हणाले, ‘पोरी, माझ्यामुळं तुझा वेळ गेला.’ चूक त्यांची नव्हती हो.

तारीख हाताने लिहिता आली पाहिजे. वेळ संपायच्या आधी विचारलं पाहिजे. आणि दोन बटणं इतकी चिकटून नकोत की जाड बोटाने ‘सादर करा’ ऐवजी ‘रद्द करा’ दाबलं जाईल.

विसूभाऊ

सेतूताई, वेळेचं ए पातळीतच आहे. मुदत संपण्यापूर्वी सूचना, आणि साध्या कृतीने वाढवून घ्यायला किमान वीस सेकंद. बटणाच्या आकाराचं, २४ पिक्सेल, हे डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये डबल ए ला आलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये. २.१ वर थांबलो तर ते सुटतं. गोदाकाठताई, एवढं वरून घ्याच. तारखेबद्दल मी चुकलो. मोजता येत नसलं तरी माणूस बसवून तपासता येतं.

हातांची_भाषा

कर्णबधिर मुलांना शिकवते. सांकेतिक भाषा ट्रिपल ए मध्ये आहे म्हणून सरळ काढू नका, कळकळीची विनंती. माझ्या कितीतरी मुलांची पहिली भाषा तीच आहे, लिहिलेली मराठी दुसरी. खाली अक्षरं दिली म्हणजे त्यांना कळलं असं होत नाही.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसले. कसोटी अशी धरली: ही अट मोडली तर माणूस काम अर्धवट टाकून उठेल का? हो असेल तर सक्ती. नुसतं अवघड होणार असेल तर शिफारस.

त्याप्रमाणे अक्षरांची बटणं गेली, झूमची अट आली. ट्रिपल ए गेलं. युनिकोड, पानाची भाषा, बटणांना नावं, ऐकू येणारा कॅप्चा, तारीख लिहिता येणं, मुदतीची सूचना, २४ पिक्सेल, हे सगळं सक्तीत. स्वीकृतीच्या आधी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दोन व्यक्तींनी घरपट्टी, जन्मदाखला आणि तक्रार ही तीन कामं कोणाच्या मदतीशिवाय पुरी करून दाखवायची, नाहीतर शेवटचा हप्ता नाही.

हातांची_भाषाताई, तुमच्या मुद्द्यावर मी सर्वात जास्त अडले. प्रत्येक उद्घाटनाच्या व्हिडिओला सांकेतिक भाषा मागितली तर अटच उडवतील. पण पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडतात, गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागतो, तेव्हा विसर्गाचा आकडा संकेतस्थळावर फोटोत टाकलेला मी पाहिलाय. मावशीला तो ऐकू येत नाही आणि तुमच्या मुलांना व्हिडिओतलं बोलणं कळत नाही. म्हणून पूर, स्थलांतर, पिण्याचं पाणी, या सूचना मजकुरात आणि भारतीय सांकेतिक भाषेत, दोन्ही सक्तीच्या केल्या. सिंहस्थाच्या गर्दीच्या सूचनाही त्यातच घातल्यात.

सूचना निघाल्यापासून किती वेळात सांकेतिक भाषेचा व्हिडिओ यायला हवा, तेवढा रकाना मोकळा आहे. मी एक तास लिहून खोडलाय. दुभाषी नाशिकमध्ये रात्री दोन वाजता मिळू शकतो का, ताई? सोमवारी मसुदा द्यायचाय.