फर्नेसची देखभाल: फिल्टरखेरीज आणखी काही
दर तीन महिन्यांनी फिल्टर बदलला की फर्नेसकडे (गॅस जाळून घर गरम करणाऱ्या यंत्राकडे) पाहावे लागत नाही, असे वरच्या प्रतिसादात म्हटले आहे. ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेच्या कन्डेन्सिंग फर्नेसबाबत मला ते अपुरे वाटते. ही फर्नेस ज्वलनातून निघालेल्या वाफेचे पाणी करून तिचीही उष्णता वापरते, त्यामुळे ती चालू असेतो आम्लधर्मी पाणी झिरपत राहते, आणि त्याच्या निचऱ्याचा ट्रॅप (थोडे पाणी धरून वायू अडवणारा वळणाचा भाग) तुंबला की प्रेशर स्विच (धूर बाहेर जाण्याच्या वाटेतील दाब ओळखणारा सुरक्षा-स्विच) बर्नर पेटू देत नाही. आमच्या अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या घरी ऐन जानेवारीत हेच घडले: निचऱ्याच्या नळीच्या वळणात तपकिरी, बुळबुळीत गाळ साचला होता. वीज आणि गॅस बंद करून नळी व ट्रॅप कोमट पाण्याने धुतले, ट्रॅपमध्ये पुन्हा पाणी भरले, तेव्हा फर्नेस सुरू झाली.

फर्नेसला हवा पुरवणारे व तिचा धूर सोडणारे भिंतीबाहेरचे पीव्हीसी पाइप बर्फाने बुजलेले नाहीत ना, हे प्रत्येक हिमवर्षावानंतर पाहावेच. हीट एक्स्चेंजर (ज्वलनाची उष्णता घरातल्या हवेला देणारा भाग) आणि गॅसचा दाब मात्र दरवर्षी थंडीपूर्वी तंत्रज्ञानेच तपासावा, आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू स्थितीत असावा. प्रेशर स्विचला तार जोडून फर्नेस चालवण्याचा उपाय कोणी सुचवला, तर कृपया तो करू नका. विषारी वायू घरात पसरण्यापूर्वी फर्नेस थांबवणे हेच त्या स्विचचे काम आहे.