मदत हवी आहे: अझूर ब्लॉबमधला ताजा डेटा पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये कसा आणावा?

नमस्कार मंडळी. एका डेअरीच्या दूध शीतकरण केंद्रांचा डॅशबोर्ड करतोय. प्रत्येक केंद्र दर 15 मिनिटांनी एक सीएसव्ही फाइल अझूर ब्लॉब स्टोरेजमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरची फाइल साठवण) टाकतं: टाकीचं तापमान, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). तापमान 4 अंशांच्या वर चढलं की ते लगेच दिसायला हवं, नाहीतर दूध नासतं. म्हणून ताज्या आकड्यांचा एवढा आग्रह.

पॉवर बीआय डेस्कटॉपचा (मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर) अझूर ब्लॉब कनेक्टर लावला, जोडणी झाली. पण तो फक्त इम्पोर्ट मोडमध्ये (डेटाची प्रत आत आणून) चालतो, डायरेक्टक्वेरीचा (प्रत न घेता मूळ डेटा थेट विचारायचा) पर्याय येत नाही. 'रिफ्रेश' दाबलं की जुन्या-नव्या सगळ्या फाइल्स पुन्हा वाचल्या जातात. पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयमधलं डेटा निवडायचं-साफ करायचं साधन) 'डेट मॉडिफाइड'वर आजचाच फिल्टर टाकल्यावर वेग सुधारला, पण महिन्याचा आलेख गेला, आणि तोही हवाच आहे. पॉवर बीआय सर्व्हिसवर (ऑनलाइन आवृत्ती) पब्लिश करूनही पाहिलं, पण प्रो लायसन्सवर दिवसाला 8 च शेड्यूल्ड रिफ्रेश मिळतात.

आता अझूर सिनॅप्सच्या सर्व्हरलेस एसक्यूएलमध्ये (स्टोरेजमधल्या फाइल्सवर थेट एसक्यूएल चालवायची सेवा) या फाइल्सवर व्ह्यू (साठवलेली क्वेरी) करून त्याला डायरेक्टक्वेरीने जोडायचा विचार आहे. पॉवर बीआय प्रीमियमचं (प्रोपेक्षा महागडं लायसन्स) बजेट नाही, फाइल्सचा फॉरमॅट केंद्रांना बदलता येणार नाही, आणि माझ्याकडे स्टोरेजचं फक्त वाचायच्या परवानगीचं एसएएस टोकन (मर्यादित प्रवेश देणारी किल्ली) आहे.

कुणी असं प्रत्यक्ष चालवलंय का? दर 15 मिनिटांच्या पेज रिफ्रेशला सीएसव्हीवरचा व्ह्यू पुरतो का, की आधी पार्केमध्ये (क्वेरी वेगाने चालणारा, स्तंभांनुसार डेटा ठेवणारा फाइल फॉरमॅट) बदलून घेणंच बरं?